पेज म्हणजे किती अन्न?

'पेज' हा शब्द कोकणातल्या आणि गोव्यातल्या मुलांना रोजच भेटतो. घाटावरच्या मुलांना तो बहुधा तापातून उठल्यावर भेटतो. कोकणात उकड्या तांदळाची पेज हे कष्टकऱ्यांचे सकाळचे जेवण. दहा-अकराच्या सुमाराला, शेतातले पहिले काम उरकल्यावर, ती लोणच्याबरोबर किंवा भाजलेल्या सुक्या मासळीबरोबर घेतात. देशावर मात्र पेज म्हणजे आजाऱ्याचे पथ्य. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये 'मंडिया पेज' उन्हाळ्यात दिवसभर पितात. तिथे ती नाचणीची असते. धान्ये वेगळी, वेळा वेगळ्या, पिणारे वेगळे. शब्द मात्र एकच.

मग पेज म्हणजे नेमके काय? 'धान्य भरपूर पाण्यात शिजवून केलेला पातळ पदार्थ' असे उत्तर कोणीही देईल, आणि ते बरोबरच आहे. पण या उत्तरात 'पातळ' म्हणजे किती पातळ, आणि त्या पातळपणात धान्य किती, हे येत नाही. हा प्रश्न केवळ शब्दांचा कीस काढणारा नाही. लहान मुलाच्या वाढीशी आणि जुलाब झालेल्या माणसाच्या जिवाशी तो जोडलेला आहे. म्हणून या लेखात आम्ही शब्दापासून सुरुवात करून वाटीतल्या पदार्थापर्यंत जाणार आहोत.

शब्द कुठून आला?

संस्कृतात 'पा' म्हणजे पिणे. त्यापासून 'पेय', म्हणजे पिण्याजोगे, आणि त्याचेच स्त्रीलिंगी रूप 'पेया'. प्राकृतात 'पेया'चे 'पेज्जा' झाले आणि मराठीत 'पेज'. 'य'चा 'ज' होणे आपल्याला नवे नाही. 'शय्या'ची 'सेज' झाली, 'यात्रे'ची 'जत्रा' झाली, 'यवा'चे 'जव' झाले. ही उदाहरणे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, तर भाषेतले बदल नियमाने होतात हे मुलांना सहज दिसते.

या व्युत्पत्तीतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. 'पेज' या नावात धान्याचा उल्लेखच नाही. 'यवागू' या जुन्या शब्दात 'यव' म्हणजे जव आहे. 'पेज' मात्र फक्त एवढेच सांगते, की हा पदार्थ पिता येतो. नाव पदार्थाच्या प्रवाहीपणावरून पडले आहे, त्यात काय आणि किती आहे त्यावरून नव्हे.

शिते मोजणारी भाषा

जुन्या वैद्यांना मात्र 'किती' हा प्रश्न पडला होता. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तांदूळ शिजवून केलेल्या पातळ पदार्थांची चार नावे येतात: मंड, पेया, यवागू आणि विलेपी. त्यांतला भेद 'सिक्थ' किती आहे यावरून केलेला आहे. सिक्थ म्हणजे शिजलेल्या तांदळाचा दाणा. आपले 'शीत' याच शब्दापासून आले, आणि 'शितावरून भाताची परीक्षा' करणारी आपली म्हणही त्याच घराण्यातली. शिते अजिबात नसलेले वरचे पाणी म्हणजे मंड. थोडी शिते असलेली पेया. पुष्कळ शिते असलेली यवागू. आणि द्रव थोडाच उरलेली, पळीला लागणारी ती विलेपी. शार्ङ्गधरसंहितेत पाण्याचे प्रमाणही दिलेले आहे. मंड आणि पेया यांसाठी तांदळाच्या १४ पट पाणी, यवागूसाठी ६ पट, विलेपीसाठी ४ पट. पोट साफ करणाऱ्या उपचारांनंतर रोग्याला आधी पेया, मग विलेपी, मग भात असे चढत्या क्रमाने नेत. म्हणजे हे शब्द एका मोजपट्टीवरच्या खुणाच होते.

आजच्या मराठीत ही मोजपट्टी विस्कटली आहे. भात वेळून काढलेल्या पाण्याला काही घरांत पेज म्हणतात, काही घरांत मांड. शितांसकट पातळ शिजवलेला भातही पेजच. त्याहून घट्ट झाला की तो गुरगुट्या भात. ज्वारी-नाचणीच्या पिठाची आंबवून केलेली ती आंबील. भरडलेल्या धान्याच्या त्या कण्या. आणि कांजी म्हटले की कोणाला आंबवलेले आंबट पाणी आठवते, तर कोणाला कपड्यांना धोबी घालतो ती खळ. डॉक्टरांनी 'पेज द्या' म्हटले, की एका घरात नितळ पाणी दिले जाते आणि दुसऱ्या घरात चमचा उभा राहील असा भात.

पाणी दाट का होते?

तांदळाच्या दाण्यात वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पिष्ट, म्हणजे स्टार्च असते. हे पिष्ट सुट्या रेणूंच्या रूपात नसते. त्याचे बारीक कण असतात. तांदळातले कण तर धान्यांमधल्या सर्वांत लहान कणांपैकी, मिलिमीटरच्या हजार भागांपैकी ३ ते ८ भागांएवढे. प्रत्येक कणात ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या दाटीने रचलेल्या असतात. त्या दोन प्रकारच्या: सरळ साखळीचे अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन.

थंड पाण्यात हे कण विरघळत नाहीत. पीठ कालवून ठेवले तर थोड्या वेळाने ते तळाशी बसते. पाणी तापवत नेले की साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कणांची रचना सैल पडते. साखळ्यांच्या मध्ये पाणी शिरते आणि कण स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून फुगतात. काही अमायलोज कणाबाहेर पाण्यात येते. फुगलेले कण एकमेकांना घासू लागतात, मोकळे पाणी कमी होते आणि मिश्रण एकाएकी दाट होते. पीठ घालताना स्वयंपाकघरात ते आधी थंड पाण्यात का कालवतात, याचेही उत्तर इथे मिळते. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले, तर गोळ्याच्या बाहेरचे कण लगेच फुगून चिकट वेष्टण तयार करतात. आत पाणी पोचत नाही आणि गुठळी होते.

पेज निवली की आणखी दाट होते, वर पापुद्रा धरते. बाहेर आलेल्या अमायलोजच्या साखळ्या थंड होताना पुन्हा एकमेकींना धरू लागतात, त्याचा हा परिणाम. उकड्या तांदळात शिजण्याची ही क्रिया साळीत असतानाच एकदा होऊन गेलेली असते आणि वाळताना दाणा पुन्हा आवळलेला असतो. त्यामुळे त्याची शिते फार फुटत नाहीत आणि पेज सुटी राहते. साळ उकडताना कोंड्याकडचे ब-१ जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्याच्या आत जाते आणि कांडताना कमी वाया जाते, हा आणखी एक फायदा. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. म्हणून भात वेळून पाणी फेकून देणाऱ्यापेक्षा ती पेज पिऊन टाकणारा अधिक शहाणा.

या सगळ्यातून एक मुद्दा ठळक होतो. दाटपणा हा धान्य किती आहे यावर जितका अवलंबून आहे, तितकाच पिष्टाचे कण किती पाणी धरतात यावरही. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम तांदळाचे पीठ शिजवले तर पिण्याजोगी पेज होते. १० ग्रॅम घातले तर ती चमच्याने खावी लागते. २० ग्रॅम घातले तर गोळाच होतो. म्हणजे जे पिता येते, त्यात धान्य फार असू शकत नाही. 'पेज' या शब्दाच्या अर्थातच तिच्या सत्त्वाची मर्यादा दडलेली आहे.

आजाऱ्याच्या वाटीत

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतातील औषधींवरचा ग्रंथ छापला गेला. त्यात पटकीसारख्या एका रोगाचे वर्णन आहे आणि त्याचे इथले नाव त्याने 'मोर्शी' असे नोंदवले आहे. हीच आपली 'मोडशी'. इथले वैद्य अशा रोग्याला मिरे आणि जिरे घालून तांदळाचे पाणी पाजतात, त्याला 'कांजे' म्हणतात, असे तो सांगतो. दक्षिणेतल्या भाषांतला 'कंजी' हा शब्द असा पोर्तुगीजांच्या हाती लागला. पुढे पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये कोंबडी व तांदूळ घालून केलेल्या सूपाला 'कांजा' हे नाव मिळाले, तर इंग्रजीत त्याचेच 'काँजी' झाले. आज इंग्रजीत चिनी लोकांच्या भाताच्या पेजेलाही हेच दक्षिण भारतीय नाव वापरतात.

वैद्यांच्या त्या उपचारात तथ्य किती होते? पटकीत माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजून भागत नाही, कारण आतड्यातून पाणी शोषले जाण्यासाठी सोडियम आत जावे लागते. लहान आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज हे जोडीने आत नेले जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीतही ही वाट बऱ्याच अंशी शाबूत राहते. जलसंजीवनी उभी आहे ती याच पायावर. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण मोठ्या प्रमाणावर तोंडावाटे दिले, आणि त्यांच्याकडच्या रोग्यांमधील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले.

पेजेतले पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या. पचनाने त्या हळूहळू तुटतात आणि ग्लुकोज थोडे थोडे सुटे होते. शिवाय एका मोठ्या साखळीचा परासरणी दाब तेवढ्याच वजनाच्या सुट्या ग्लुकोजपेक्षा फार कमी असतो. त्यामुळे आतड्यात उलटे पाणी ओढले जात नाही. म्हणून एका लिटरमध्ये ग्लुकोजऐवजी ५० ते ८० ग्रॅम तांदळाचे पीठ शिजवून घातलेली जलसंजीवनी करून पाहण्यात आली. पटकीच्या रोग्यांत तिने जुलाबाचे प्रमाण कमी झाले. लहान मुलांच्या इतर जुलाबांत, मूल लवकर जेवू लागले असेल तर, तिचा वेगळा असा फायदा फारसा दिसला नाही.

यातून घरासाठी घ्यायचा बोध साधा आहे. जुलाब सुरू होताच मीठ घातलेली पातळ पेज देणे योग्यच आहे. मिठाशिवायची पेज मात्र अर्धेच काम करते. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध चालू ठेवायचे. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल मलूल पडले, तर पेजेवर विसंबून न राहता जलसंजीवनी द्यायची आणि दवाखाना गाठायचा. इथे पेजेचा पातळपणा हाच तिचा गुण आहे. पाणी आणि मीठ आत पोचवणे हे तिचे काम, पोषण हे नव्हे.

बाळाच्या वाटीत

तीच पेज सहा महिन्यांच्या बाळाच्या वाटीत आली की हिशेब पालटतो. बाळाला दाट घास गिळता येत नाही, म्हणून आई पेज पातळ करते. वाटी रिकामी होते, बाळाचे पोट तट्ट दिसते, आईचे समाधान होते. आता आकडे पाहू.

१०० ग्रॅम तांदळाच्या पिठातून सुमारे ३५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. १०० मिलिलिटर पेजेत ५ ग्रॅम पीठ धरले तर तिच्यात सुमारे १७ किलोकॅलरी झाल्या. बाळाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावते. म्हणजे ७ किलो वजनाच्या बाळाची एका वेळची वाटी सुमारे २०० मिलिलिटरची. दिवसातून तीन वाट्या पेज, म्हणजे ६०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम १०५ किलोकॅलरी. आईचे दूध सरासरी प्रमाणात मिळणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून रोज ६ ते ८ महिन्यांच्या वयात सुमारे २००, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५० किलोकॅलरी लागतात. तीन वाट्या पिऊनही बाळाला निम्मेच मिळाले. वर्षाच्या आसपास तर एक-तृतीयांश. आणि पोट तर भरलेले आहे! बाळ उपाशी आहे हे बाळालाही कळत नाही आणि आईलाही.

पातळ पेज पोट भरते पण माणूस जगवत नाही, याची इतिहासातली सर्वांत दुःखद आठवण बंगालची आहे. १९४३ च्या दुष्काळात खेड्यांतून कलकत्त्यात आलेली माणसे दारोदार भात मागत नव्हती. 'फॅन दाओ' म्हणत होती. फॅन म्हणजे भात वेळून काढलेले पाणी. ज्या घरात भात मागायचा धीर होत नाही, तिथे निदान हे पाणी तरी मिळेल, अशी ती याचना होती. त्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसे गेली असा अंदाज आहे.

मग बाळाची पेज दाट न करता सकस कशी करायची? एक उपाय म्हणजे तेल किंवा तूप. एका लहान चमच्यात सुमारे ४० किलोकॅलरी असतात आणि तो घातल्याने पेज दाट होत नाही, उलट मऊ होते. दुसरा उपाय आपल्याकडच्या जुन्या घरांत ठाऊक होता. त्याचे शास्त्र मागाहून कळले. तो म्हणजे मोड आणलेले धान्य.

दाण्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. कोवळ्या रोपाला अन्न मिळावे म्हणून साठवलेले पिष्ट तोडणे हे त्याचे काम. मोड आलेली नाचणी वाळवून दळली की हे विकर पिठात टिकून राहते. ते पीठ पाण्यात घालून हळूहळू तापवले, तर पिष्टाचे कण फुगताच विकर त्यांच्या साखळ्या तोडू लागते. धरून ठेवलेले पाणी सुटते आणि पेज पातळच राहते. नाचणीचे मोड आणून केलेले सत्त्व पुष्कळ घातले तरी घट्ट होत नाही, ते यामुळे. गंमत अशी, की मोडाचे पीठ दुसऱ्या पिठाच्या दाट खिरीत चमचाभर घातले, तरी ती काही मिनिटांत पातळ होते. दुप्पट-तिप्पट धान्य घालूनही खीर बाळाला गिळता येते. १९८० च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या विषयावर महत्त्वाचे काम झाले.

ऊर्जेचा प्रश्न सुटला तरी सगळे सुटले असे नाही. नुसत्या तांदळातून प्रथिने आणि लोह पुरेसे मिळत नाही. त्यासाठी डाळ, शेंगदाण्याचे बारीक कूट, भाजी, चालत असेल तर अंडे किंवा मासळी हे बाळाच्या वाटीत यायलाच हवे.

वर्गात करून पाहा

साहित्य: तांदळाचे पीठ, मोड आणलेल्या नाचणीचे पीठ, साध्या नाचणीचे पीठ, तराजू, थर्मामीटर, स्टीलच्या सपाट थाळ्या, पट्टी. मोडाच्या पिठासाठी नाचणी रात्रभर भिजवावी, दोन दिवस ओल्या फडक्यात बांधावी, उन्हात खडखडीत वाळवावी, चोळून मोड काढावेत आणि दळावी. बुरशी आलेली नाचणी वापरू नये. ज्वारीचे मोड यासाठी घेऊ नयेत. त्यांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते.

१. तीन भांड्यांत २००-२०० मिलिलिटर पाणी घ्या. पहिल्यात १०, दुसऱ्यात २० आणि तिसऱ्यात ४० ग्रॅम तांदळाचे पीठ थंड पाण्यातच कालवा आणि ढवळत शिजवा. कोणत्या तापमानाला मिश्रण दाट होऊ लागते ते टिपा.

२. प्रत्येकातला एक मोठा चमचा थाळीवर ओता. अर्ध्या मिनिटाने तो किती पसरला ते पट्टीने मोजा. या आकड्याने 'पातळ' हा शब्द मोजता येतो.

३. तिसऱ्या भांड्यातल्या गोळ्याचे तीन भाग करा. तापमान ६० ते ६५ अंशांवर आले की पहिल्यात एक लहान चमचा मोडाचे पीठ, दुसऱ्यात तेवढेच साध्या नाचणीचे पीठ आणि तिसऱ्यात थोड्या पाण्यात आधी खळखळून उकळलेले मोडाचे पीठ घाला. दहा मिनिटे ढवळा आणि पुन्हा पसरट मोजा.

पहिला भाग पातळ होईल, दुसरा फारसा नाही. तिसरा का होत नाही हे मुलांना विचारा. उकळल्याने विकर निकामी होते, हे उत्तर त्यांच्यातलेच कोणीतरी देईल. मोडाचे पीठ गरम खिरीत घालायचे पण उकळत्या खिरीत नाही, हा नियमही त्यातूनच निघेल. बाळाला द्यायची खीर मात्र पातळ झाल्यावर पुन्हा एकदा उकळून घ्यावी, म्हणजे पिठातले जंतू मरतात.

प्रयोग संपल्यावर मुलांना एक काम द्यावे. घरी किंवा शेजारच्या अंगणवाडीत 'पेज' कशाला म्हणतात, ती कोणाला देतात आणि एका भांड्यात किती पीठ किंवा तांदूळ घालतात, हे विचारून आणावे. नावांची यादी भाषेच्या तासाला उपयोगी पडेल, आणि प्रमाणांवरून वर दिला तसा हिशेब गणिताच्या तासाला करता येईल. कदाचित एखाद्या घरातल्या बाळाच्या वाटीत त्या हिशेबाने चमचाभर तूप आणि मूठभर धान्य जास्त पडेल.